जिन्यातल्या तीन काचा

१

जिन्याच्या मधल्या वळणावरची काच तुटली आणि सगळ्या इमारतीचा जीव टांगणीला लागला.

काच म्हणजे खिडकीचं तावदान नव्हे. बोटभर रुंद आणि वीतभर लांब अशी एक पट्टी. भिंतीला भेग पडली की इंजिनिअर लोक एक साधी युक्ती करतात. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी धरायची, तिची दोन्ही टोकं प्लॅस्टरच्या गोळ्यांनी भिंतीला घट्ट बसवायची आणि वाट बघायची. भिंत जागच्या जागी असेल तर काच शाबूत. भिंत केसभर जरी सरकली तरी काच टचकन तुटते, कारण बिचारीला वाकणं ठाऊकच नसतं. या इमारतीत एक भेग तळापासून वरपर्यंत जिन्याच्या भिंतीतून चढत गेली होती. पालिकेच्या इंजिनिअरने तिच्यावर तीन पट्ट्या बसवल्या होत्या. एक खालच्या बोळात, एक मधल्या वळणावर आणि एक वरच्या मजल्यावर.

ताई रिक्षातून उतरली ती धाकट्या भावाचा हात धरून. भाऊ साठीला टेकलेला, पण तिच्या तोंडी अजून 'छोटू'च. बाकीचे त्याला फ्रेमवाले म्हणत, कारण याच इमारतीच्या तळमजल्यावर रस्त्याच्या अंगाला त्याचं फोटो-फ्रेमचं दुकान होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो ताईकडे राहायला गेला होता आणि तिथे त्याने तिला नुसता वैताग आणला होता. डोळ्यावर पट्टी असतानाही रोज सकाळी एकच धोशा, "ताई, मला घरी सोड. दुकान बघायला हवं." दुकानाला कुलूप आहे, ते काय पळून जातंय का, असं ती म्हणायची. तो गप्प बसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

"आलात का, फ्रेमवाले! घात झाला बघा!" जिन्यातूनच कुणीतरी ओरडलं. ते पहिल्या मजल्यावरचे शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. भाडेकरूंच्या समितीचे अध्यक्षही तेच, त्यामुळे त्यांचा आवाज नेहमीच एक पट्टी वर असे. "काच तुटली!"

काळा चष्मा लावलेला भाऊ जागीच थांबला. "कुठली?"

"मधली."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या ठणठणीत!"

भाऊ मटकन पायरीवर बसला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, ऑपरेशनचा अशक्तपणा असेल.

काय पणाला लागलंय ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शहराच्या मध्यावरची ही जुनी पेठ आता नव्याने बांधायला काढली होती. समोरची अख्खी ओळ पाडून तिथे पत्रे ठोकले होते. शेजारच्या प्लॉटवर पायासाठी भलामोठा खड्डा खणला होता. करार असा होता, की बिल्डरने त्या प्लॉटवर आधी नवी इमारत उभी करायची, भाडेकरूंनी सामान उचलून सरळ तिकडे जायचं आणि मगच जुनी पाडायची. फ्रेमवाल्याला नव्या इमारतीतही रस्त्यावरचाच गाळा मिळणार होता. पण त्याआधी जुनी इमारत धोक्याची ठरली, तर पालिका सगळ्यांना ताबडतोब बाहेर काढणार आणि करार बाद. मग नव्याने बोलणी, आणि तोवर दुकान बंद. या वयात, या डोळ्यांनी, एकदा बंद पडलेलं दुकान छोटू पुन्हा उघडणार नाही, हे ताईला लख्ख कळत होतं.

इंजिनिअर वळणावर उभा राहून डोकं खाजवत होता. "मला याचा पत्ताच लागत नाहीये," तो म्हणाला. "भेग एकच आहे. भिंत सरकली असती तर तिन्ही काचा तुटायला हव्या होत्या. वरची शाबूत, खालची शाबूत, मग मधलीच कशी तुटली?"

"म्हणजे कुणीतरी फोडली!" मास्तर कडाडले. "कुणीतरी कशाला, त्या गोडबोल्यानेच! काल दुपारी टेप घेऊन जिना चढताना मी डोळ्यांनी पाहिलाय त्याला."

गोडबोल्या म्हणजे बिल्डरचा माणूस. हे नावही मास्तरांनीच ठेवलेलं.

"मला उद्या सकाळी वर कळवायचंय," इंजिनिअर म्हणाला. "काच फोडली असं दिसलं, तर दुसरी लावून पुढे जाऊ. नाही दिसलं, तर धोक्याचा शेरा मारावा लागेल. माणसांच्या जिवाशी मी खेळणार नाही."

मास्तरांनी ताईकडे वळून हात जोडले. "ताई, तुम्ही विमा कंपनीत जन्मभर चोर पकडलेत. हा एक आमच्यासाठी पकडा."

"चोर नाही हो पकडले. खोटे दावे पकडले," ताई म्हणाली. "चोर परवडले, ते निदान पळून तरी जातात."

२

ताई जिन्यात उभी राहिली ती बराच वेळ नुसती उभीच. विमा कंपनीत जळकी गोदामं आणि भिजलेला माल तपासताना तिला एक सवय लागली होती. आधी वस्तूला भेटायचं, माणसांना मागाहून. माणसं भेटली की लगेच बोलायला लागतात आणि मग काही दिसेनासं होतं.

काच बरोबर भेगेवर तुटली होती. तिचे दोन्ही तुकडे आपापल्या गोळ्यात घट्ट रुतलेले होते. खाली एक कपचीसुद्धा पडली नव्हती. ताईने पर्समधून बसचं जुनं तिकीट काढलं आणि दोन तुकड्यांच्या मध्ये सरकवलं. ते अडखळलं नाही, सहज आत गेलं.

"हं," ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिने तुकड्याच्या कडेवरून, भेगेपासून चांगली लांब, बोट फिरवलं आणि "आई गं!" म्हणून मागे घेतलं. बोटाला रक्ताचा बारीक धागा आला होता.

प्लॅस्टरच्या गोळ्यांवर धूळ होती, पण फक्त वरच्या अंगाला. खालून ते अजून पांढरे होते. हे ठीकच होतं. धूळ वरूनच बसते, खालून चढत नाही.

ती वरच्या मजल्यावर गेली. तिथली काच अगदी शहाण्या मुलीसारखी भेगेवर बसली होती. ताईने तिच्याही कडेवरून बोट फिरवलं, या वेळी जरा जपून. काही झालं नाही. इथले गोळे पिवळसर होते, जुने दिसत होते. वाकून पाहिलं तर खालूनही तेवढेच पिवळे. ती खाली बोळात आली. तिथेही तसंच.

"सापडलं काही?" बोळाच्या तोंडाशी भाऊ उभा होता. इतका वेळ तो तिथेच घुटमळत होता की काय कुणास ठाऊक.

"बोट कापलं, आणखी काय सापडणार!"

"बघू," म्हणत त्याने काळ्या चष्म्याआडून तिचं बोट डोळ्यांजवळ धरलं. "धुऊन टाक आधी. काचेची धार वाईट असते, ताई. जखम दिसते एवढीशी, पण चरचरते दिवसभर."

लहानपणी तिच्या पायातला काटाही तो असाच काढायचा. ताईला एकदम भरून आलं. काही झालं तरी हे दुकान वाचवायचं, असं तिने तिथेच मनाशी ठरवून टाकलं.

३

गोडबोल्या शेजारच्या प्लॉटवर, खड्ड्याच्या काठाला पत्र्याच्या खोलीत बसला होता. बाहेर पंप खड्ड्यातलं पाणी उपसत होता आणि त्याच्या घरघरीत टेबलावरचा चहा थरथरत होता.

"या ना ताई, बसा. चहा सांगू? तुमच्यासारखी अनुभवी माणसं आली की आम्हाला..."

"साखर चहात घाला," ताई म्हणाली. "काल जिन्यात कशाला गेला होता?"

"जिन्याची रुंदी मोजायला. तुमची कपाटं उतरवायची आहेत ना आम्हालाच, पुढेमागे." मग तो जरा गंभीर झाला. "ताई, सगळे मला शिव्या घालतात ते माहितीये मला. पण विचार करा. इमारत धोक्याची ठरली तर पहिला प्रश्न कुणाला विचारतील? ज्याचा खड्डा शेजारी आहे त्यालाच ना? मग मी कशाला आपल्या हाताने काच फोडीन?"

माणूस गोड बोलत होता, पण या वेळी खरंही बोलत होता. ताईने मान हलवली आणि चहा न घेताच उठली.

मास्तरांच्या खोलीत शिवणयंत्राखाली चिंध्यांचा ढीग होता. मास्तर तावातावाने काज करत होते. जिन्याच्या भिंतीला लागून पाळणा होता, त्यात त्यांचा नातू मुठी वळून झोपला होता. पाळण्याच्या वर, त्याच भिंतीवर, एका छोट्या फ्रेममध्ये बाळाच्या तळहाताचा निळा ठसा होता.

"तुमच्या भावाने करून दिली," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "एक पैसा घेतला नाही. देवमाणूस आहे हो. त्या डांबिसाने काच फोडली नसती तर सगळं कसं सुरळीत चाललं होतं! बाकीच्या दोन काचा शाबूत आहेत, यातच सगळं आलं."

बोलता बोलता त्यांच्या हातातली गुंडी सुटली. ती घरंगळत निघाली आणि थेट भिंतीकडच्या कोपऱ्यात जाऊन थांबली.

"गेली!" मास्तर हसले. "तो कोपरा गुंड्या खातो आमच्या. काही पडू द्या, जाणार तिकडेच. सूनबाई म्हणते, काही शोधायचं असलं की आधी तिथे बघायचं."

"पहिल्यापासून असंच आहे?"

"छे! अलीकडेच. खोलीचंही वय झालं, आमच्यासारखंच."

वरच्या मजल्यावर सिस्टर राहायच्या. जन्मभर इस्पितळात काम केलेलं, आता गुडघे गेलेले. त्यांनी ताईचं बोट बघितल्याबरोबर बाकी काही न ऐकता आधी पट्टी बांधली आणि मग म्हणाल्या, "माझ्यावर संशय घ्यायचा तर खुशाल घ्या. मला इथून जायचंय. लेक बोलावतेय. हा जिना चढून माझा जीव जातो. इमारत उद्या रिकामी झाली तर मी पेढे वाटीन."

"मग काच तुम्ही फोडली?"

"या गुडघ्यांनी? मी काल दुपारी जरा आडवी झाले होते. जिन्यात टक्क असा आवाज झाला. म्हटलं, काय पडलं? दार उघडायला गेले तर दारच उघडेना. हल्ली फारच अडकतं मेलं. सुताराला बोलावून दोनदा रंधा मारून घेतला, तरी पुन्हा अडकतंय. शेवटी ओढून उघडलं, तर जिन्यात चिटपाखरू नाही. पावलांचासुद्धा आवाज नाही."

"तो बिल्डरचा माणूस?"

"तो कधीच गेला होता. खिडकीतून पाहिला मी, चहाच्या टपरीवर."

ताई जिना उतरायला लागली आणि मधल्या वळणावर थांबली. आता ती मनातून चांगलीच हादरली होती. गुंड्या एका कोपऱ्यात पळतात. रंधा मारलेलं दार पुन्हा अडकतं. भिंत सरकतेय, अगदी ढळढळीत सरकतेय. मग वरची आणि खालची काच गप्प का? तीन साक्षीदारांपैकी एक काही सांगतो आणि दोघं त्याच्या उलट सांगतात, तेव्हा आपण दोघांवर विश्वास ठेवतो. पण त्या दोघांना कुणी पढवलं असेल तर?

४

दुकानात भाऊ परत कामाला लागला होता. डोळ्याला ताण नको असं डॉक्टरांनी बजावूनही तो टेबलाशी बसून जुन्या फोटोचा माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, करत होता. माउंटचा पुठ्ठा नवाकोरा पांढरा होता. भाऊ बशीतल्या चहाच्या पाण्यात कुंचला बुडवून त्याच्यावरून फिरवत होता.

"हे काय?" ताईने विचारलं.

"फोटो आजोबांच्या काळचा, आणि पुठ्ठा कालचा. शोभत नाही. चहाचा हात दिला की तोही जुना दिसतो." तो हसला. "गिऱ्हाइकाला आवडतं."

ताई समोरच्या स्टुलावर बसली. भिंतीवर रिकाम्या चौकटी टांगलेल्या होत्या. कोपऱ्यात काचा उभ्या लावलेल्या होत्या, खिडकीपाशी काच कापायचा कटर होता, त्याच्या शेजारी वापरून वापरून मधोमध खोलगट झालेला दगड होता. टेबलाखाली पाकिटं रचलेली होती. त्यातलं एक प्लॅस्टरच्या भुकटीचं होतं. चौकटीचे कोपरे तुटले की भरायला लागतं ते. सगळं वर्षानुवर्षं तिने पाहिलेलं होतं. आज तिला ते पहिल्यांदा दिसलं.

"छोटू," ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे असताना रोज घरी जायचं म्हणत होतास. इतकं काय अडलं होतं रे?"

त्याचा हात थांबला. क्षणभरच. "दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाईक तुटतं."

"पट्टी बांधलेल्या डोळ्याने कोणतं गिऱ्हाईक बघणार होतास?"

"तू पण ना, ताई!" तो म्हणाला आणि पुन्हा कुंचला फिरवायला लागला.

ताईला उत्तर सापडलं होतं. ते चुकीचं निघावं म्हणून ती त्या स्टुलावर बसल्या बसल्या धडपडत राहिली. बायको वारल्यावर या दुकानानेच भावाला उभं ठेवलं होतं. आपण काही बोललो नाही तर उद्या इंजिनिअर नवी काच लावून जाईल. मास्तर टाळ्या वाजवतील. नवी इमारत उभी राहीपर्यंत ही जुनी तग धरेलही, कोण सांगावं? आणि नाही धरली तर?

वरून, छताच्या पलीकडून, बाळाचं रडणं ऐकू आलं. पाळण्याची कडी कुरकुरायला लागली.

५

सकाळी सगळे जिन्यात जमले. इंजिनिअर, मास्तर, गोडबोल्या, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरलेल्या सिस्टर.

"बोला ताई," मास्तर हात चोळत म्हणाले. "कुणी फोडली?"

"सांगते. आधी इथे नवी पट्टी लागेल ना, साहेब? छोटू, एक कापून दे यांना. बोटभर रुंद, वीतभर लांब."

सगळे दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. भावाने काच टेबलावर आडवी टाकली, मोजपट्टी धरली, कटर ओढला. टक्क असा आवाज झाला आणि तुकडा सुटला. ताईने पदराआड बोटं घट्ट गुंफली होती. आता दे, तिला ओरडावंसं वाटत होतं. तशीच दे त्याच्या हातात. दगडाकडे बघू नकोस.

भावाने बघितलंही नाही. त्याचा हात आपोआप दगडाकडे गेला. काचेची एक कड त्याने सर्रकन घासली, मग दुसरी, मग टोकं. अंगठ्याने तपासून पाहिली आणि इंजिनिअरपुढे धरली.

"कड का घासलीस?" ताईने विचारलं.

"का म्हणजे? कुणाचं बोट कापेल ना!"

ताईने डोळे मिटून घेतले. मग ती इंजिनिअरकडे वळली. "साहेब, तुम्ही लावलेल्या तिन्ही काचा घासलेल्या होत्या?"

"नाही हो. काचेच्या दुकानातून कापून आणल्या आणि तशाच लावल्या. घासतंय कोण?"

"मग त्या बोळातल्या काचेवर बोट फिरवा. घाबरू नका, कापणार नाही."

इंजिनिअर बोळात गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तसाच तो वरच्या मजल्यावर जाऊन आला.

"दोन्ही गुळगुळीत आहेत," तो म्हणाला. "या माझ्या काचा नाहीत."

"नाहीतच," ताई म्हणाली. "मधली तेवढी तुमची. तिच्या धारेने काल माझं बोट कापलं, तुटल्या जागेपासून लांब. तिच्या गोळ्यांवर धूळ आहे ती फक्त वरून. बाकीच्या दोन्हींचे गोळे खालून-वरून सारखेच पिवळे, कारण ते चहाच्या पाण्याने जुने केलेत. मधली काच कुणी फोडली नाही, मास्तर. फोडली असती तर तुकडे एकमेकांना चिकटूनच राहिले असते. त्यांच्यामधून माझं तिकीट आरपार गेलं. काच फोडता येते, पण भिंतीला चिकटलेले गोळे एकमेकांपासून लांब कसे नेणार? भिंत सरकलीये. तुमच्या गुंड्या ते सांगतायत, सिस्टरचं दार सांगतंय. तीन काचाही सांगत होत्या. त्यातल्या दोघींची तोंडं बंद केली गेली. तिसरी बोलली, कारण ती तुटली तेव्हा बदलणारा माणूस माझ्या घरी डोळ्याला पट्टी बांधून पडला होता."

शेजारच्या प्लॉटवरचा पंप तेवढा घरघरत होता.

भावाने काळा चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल झाला होता. "पहिल्यांदा वरची तुटली," तो म्हणाला. "वाटलं, कुणाचं सामान लागलं असेल. उगाच गाजावाजा नको म्हणून बदलली. मग खालची तुटली. तेव्हा मात्र कळलं मला. पण एकदा बदलली होती ना, मग दुसऱ्यांदा काहीच वाटलं नाही. नवी इमारत होईपर्यंत उभी राहू दे, एवढंच मागत होतो मी."

"माझा नातू त्या भिंतीला लागून झोपतो, फ्रेमवाले," मास्तर म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज वर चढला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"कुणाचं बोट कापू नये म्हणून दगडावर घासत बसलास," ताई म्हणाली, "आणि ती भिंत कुणाच्या डोक्यावर येणार होती, छोटू?" बोलता बोलता तिला रडू फुटलं. आपल्या भावाचं दुकान आपणच बंद केलं हे तिला कळत होतं. गप्प बसणंही तिला जमलं नसतं.

सिस्टरनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांनीच, इस्पितळात विचारावं तसं, थंडपणे विचारलं, "पहिली काच कधी तुटली?"

"शेजारी खड्डा खणायला लागले, त्यानंतर लगेच," भाऊ म्हणाला. "तुकडे आहेत माझ्याकडे. फेकवले नाहीत माझ्याने." त्याने खण उघडला आणि कागदात गुंडाळलेल्या चार तुकड्यांची पुडी टेबलावर ठेवली. कडा बिनघासलेल्या होत्या.

गोडबोल्याचं सगळं गोड बोलणं कुठल्या कुठे गेलं. इंजिनिअरने पुडी उचलली. "म्हणजे खड्ड्यामुळे पाया सुटतोय. फ्रेमवाले, तुम्ही पहिल्या काचेलाच मला हाक मारली असती, तर मी खड्ड्याचं काम त्याच दिवशी थांबवलं असतं. ही भिंत आज धड असती. तुमचं दुकानही."

भाऊ त्याच्याकडे बघत राहिला. ज्याच्यासाठी एवढं केलं ते आपल्याच हाताने घालवलं, हे त्याच्या ध्यानात येत होतं. त्याने दगड उचलला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा हातातच धरून बसला.

६

इमारत रिकामी झाली. खड्ड्याचा दोष बिल्डरच्या माथी बसल्यामुळे करार बाद करणं त्याला शक्य झालं नाही. उलट सगळ्यांना तात्पुरत्या खोल्या त्यालाच द्याव्या लागल्या. सिस्टर लेकीकडे गेल्या, पेढे मात्र त्यांनी वाटले नाहीत. दुकानांना तात्पुरती जागा काही मिळाली नाही. भावाने चौकटी आणि काचा ताईच्या घरी हलवल्या. तिच्या व्हरांड्यात त्याने टेबल मांडलं आणि त्याच्यासमोर तो नुसता बसून राही. पेठेतलं कुणी तिकडे फिरकत नव्हतं. रस्त्यात मास्तर दिसले की तोच गल्ली बदलायचा.

"मी बोलले म्हणून रागावलायस?" एकदा ताईने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पहिली काच तुटली तेव्हाच तू का नाही आलीस, एवढंच वाटतं."

एका सकाळी फाटकाची कडी वाजली. मास्तर उभे होते, बगलेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. ताईला मान लववून ते थेट टेबलाशी गेले आणि फडकं सोडलं. तळहाताच्या निळ्या ठशाची ती छोटी फ्रेम होती. काच उभी चिरली होती.

"सामान हलवताना पडली," मास्तर म्हणाले. दुसरीकडेच बघत. "काच बदलून हवी. पैसे देणार."

भावाने मान खाली घालून फ्रेम उघडली. चिरलेली काच काढली, नवी आडवी टाकली, कटर ओढला. टक्क. तुकडा सुटला. त्याचा हात दगडाकडे निघाला आणि अर्ध्यावर थबकला. त्याने वर पाहिलं.

"घासू?"

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि ते समोर बसले.

"घासा की," ते म्हणाले. "घरात पोर आहे."